वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या धावेचा हिशोब

मागील अंकातील इलेक्ट्रिक गाड्यांवरील लेखानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. निम्मी पत्रे वेगाच्या भक्तांची आहेत आणि उरलेली पैसे गुंतवू पाहणाऱ्यांची. दोन्ही गटांची शंका मुळात एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्यावर राहणारे काही गाडीवेडे रविवारी सकाळी उपवन तलावाकाठी जमतो. आमच्यातल्या एकाने पाचशेहून अधिक अश्वशक्तीची इलेक्ट्रिक सेडान घेतली आणि मे महिन्यात एका बंद धावपट्टीवर भरलेल्या ड्रॅग शर्यतीत उतरवली. पहिल्या धावेत जाहिरातीतला आकडा जवळपास तंतोतंत मिळाला. तिसऱ्या धावेत मात्र शून्य ते शंभरसाठी जवळजवळ एक सेकंद जास्त लागला आणि पडद्यावरील शक्तिदर्शक पट्टीचे वरचे टोक करडे झाले. सर्व्हिस सेंटरने ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून गाडी परत दिली. एक गट म्हणतो, गाडीत दोष आहे. दुसरा म्हणतो, इलेक्ट्रिक गाडीचा वेग म्हणजे एका धावेचे नाटक. खरे काय?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : दोन्ही गट चुकले आहेत. सर्व्हिस सेंटरचे उत्तर बरोबर होते, फक्त त्यांनी कारण सांगण्याचा आळस केला.

आधी थोडे गणित करू. उदाहरणादाखल, बीवायडी कंपनीच्या सील गाडीचे परफॉर्मन्स मॉडेल मार्च २०२४ मध्ये भारतात आले, तेव्हा त्याची शोरूम किंमत ५३ लाख रुपये होती. शक्ती ५३० अश्वशक्ती, म्हणजे ३९० किलोवॉट, बॅटरी ८२.५६ युनिटांची, आणि शून्य ते शंभरसाठी कंपनीने सांगितलेला वेळ ३.८ सेकंद. चालकासह गाडीचे वजन सव्वादोन टन धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला पोहोचल्यावर तिच्यात जी गतिज ऊर्जा असते, ती भरते जेमतेम पाव युनिट. महावितरणच्या घरगुती दराने ही वीज फार तर दोन-तीन रुपयांची. ८२ युनिटांच्या साठ्यातून पाव युनिट काढणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. मोठी गोष्ट आहे ती हे पाव युनिट चार सेकंदांच्या आत बाहेर काढण्याची. त्यासाठी सरासरी २३० किलोवॉट आणि शिखरावर ३९० किलोवॉट लागतात. घोडबंदरच्या एखाद्या संकुलातील अडीचशे सदनिकांनी एकाच क्षणी एसी लावला तर जेवढा भार पडेल, तेवढा भार इथे मागच्या आसनाखालून वाहतो.

इतका प्रवाह वाहू लागला की प्रत्येक टप्प्यावर उष्णता निर्माण होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. बॅटरीतील प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो, त्यामुळे सेल आतून तापतात. बॅटरीचा एकदिश प्रवाह मोटरसाठी प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलत राहणारा, करणारा इन्व्हर्टर तापतो. तो कमी तापावा म्हणून २०१७ च्या टेस्ला मॉडेल ३ पासून सिलिकॉन कार्बाइडचे स्विच गाड्यांत येऊ लागले. मोटरमधील तांब्याची वेटोळी तापतात, आणि खरी भीती असते ती रोटरमधील, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागातील, चुंबकांची. निओडिमियमचे चुंबक तापले की त्यांचे चुंबकत्व कमी होते आणि एका मर्यादेपलीकडे गेले की ते परत येत नाही. ही मर्यादा वर ढकलण्यासाठी त्यांत डिस्प्रोशियमसारखी महागडी मूलद्रव्ये मिसळतात. ही मर्यादा ओलांडण्याची वेळच येऊ नये म्हणून नियंत्रक संगणक बराच आधी हात आखडता घेतो. आपल्या मित्राला दिसलेली करडी पट्टी म्हणजे हा आखडलेला हात.

पहिल्या धावेत सगळे भाग थंड होते, बॅटरी भरलेली असल्याने तिचा व्होल्टेज वरचा होता, आणि शीतक द्रवाला उष्णता टाकायला जागा होती. तिसऱ्या धावेपर्यंत डांबरी धावपट्टीवर मे महिन्याचे ऊन, बॅटरी काही प्रमाणात उतरलेली, आणि रांगेत थांबताना आतल्या मंडळींसाठी एसी सुरू. बहुतेक गाड्यांत बॅटरी गार करण्यासाठी वापरला जाणारा कॉम्प्रेसर हाच केबिनचाही कॉम्प्रेसर असतो, याचा विसर पडू नये. पुढील वेळी दोन धावांमध्ये अर्धा तास जाऊ द्यावा, रांगेत असताना एसी बंद ठेवावा, आणि चार्ज ७० टक्क्यांच्या खाली उतरला की घड्याळाकडे पाहणे सोडून द्यावे.

आता दुसऱ्या गटाविषयी. ‘एका धावेचे नाटक’ हा आक्षेप दहा वर्षांपूर्वी पुष्कळ अंशी खरा होता. आज चांगल्या आणि साधारण गाडीतला फरक याच ठिकाणी दिसतो, आणि म्हणून शून्य ते शंभरचा आकडा मला सगळ्यांत कमी महत्त्वाचा वाटतो. पुरेशी मोठी बॅटरी आणि दोन मोटरी जोडल्या की तो कोणीही गाठतो. शिवाय तो मोजण्याच्या पद्धतीतही गोम आहे. टेस्ला मॉडेल एस प्लेडचा प्रसिद्ध १.९९ सेकंदांचा आकडा ताशी ६० मैलांचा, म्हणजे ९६.६ किलोमीटरचा आहे, आणि अमेरिकी रिवाजानुसार त्यात गाडी हलल्यानंतरचे पहिले एक फूट धरलेले नाही. दोन सेकंदांत शंभर गाठायचे तर टायरांना गुरुत्वाच्या सुमारे १.४ पट पकड लागते. रस्त्यावरच्या साध्या टायरांना ती साध्या डांबरावर मिळत नाही.

त्यापेक्षा जर्मनीतील न्यूरबर्गरिंगची फेरी पाहावी. तिथला उत्तरेकडील वळणांचा मार्ग २०.८ किलोमीटरचा आहे, आणि त्यावर सात मिनिटे सतत शक्ती घेत आणि ब्रेक लावत राहावे लागते, त्यामुळे कोणाची शीतन व्यवस्था खरी आणि कोणाची कागदावरची हे तिथे उघड होते. पोर्शे टायकान टर्बो जीटीने तिथे ७ मिनिटे ७.५५ सेकंद नोंदवले. २०२५ मध्ये शाओमीच्या एसयू७ अल्ट्राने ७ मिनिटे ४.९५७ सेकंद. मोबाइल विकणाऱ्या कंपनीने पोर्शेला तिच्या घरच्या अंगणात मागे टाकावे, याची चर्चा आपल्या उपवनच्या बैठकीत झाली असेलच. हे सगळे विक्रम कंपन्यांनी स्वतःच्या चालकांकडून, खास टायर लावून केलेले असतात, तेव्हा त्यांतून बढाई वजा करूनच ते वाचावेत. तरीही सात मिनिटांच्या आकड्याला चार सेकंदांच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक अर्थ आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘८०० व्होल्ट’ हा शब्द आता प्रत्येक नव्या गाडीच्या माहितीपत्रकात दिसतो. त्याने शक्ती वाढते का? आणि इलेक्ट्रिक गाडीला गिअर लागत नाहीत, तर टायकानला दोन गिअर कशासाठी?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : व्होल्टेज वाढल्याने शक्ती आपोआप वाढत नाही, तीच शक्ती कमी प्रवाहात वाहून नेता येते. ४०० किलोवॉट ४०० व्होल्टवर घ्यायचे तर १,००० अँपिअर लागतात, ८०० व्होल्टवर ५००. तारेची जाडी तीच ठेवली तर तिच्यातील उष्णता एक चतुर्थांश होते, किंवा तार बारीक करून वजन वाचवता येते. जलद चार्जिंगलाही हेच कारण लागू पडते. २०१९ मध्ये पोर्शेने टायकानमध्ये ही रचना आणली. त्यानंतर ह्युंदाई आणि किया यांनी ती तुलनेने स्वस्त गाड्यांत आणली, आणि माझ्या मते त्यांचे हे काम अधिक मोलाचे आहे. चीनमध्ये बीवायडीच्या यांगवांग यू९ एक्स्ट्रीम या गाडीत तर १,२०० व्होल्टची प्रणाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने जर्मनीतील पापेनबुर्ग येथील चाचणी मार्गावर ताशी ४९६.२२ किलोमीटर वेग नोंदवला.

गिअरचे उत्तर मोटरच्या स्वभावात आहे. मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण पीळ (टॉर्क) देते, म्हणूनच क्लच आणि पहिल्या गिअरची गरज उरत नाही. पण फेरे वाढले की मोटर स्वतःच विरोधी व्होल्टेज निर्माण करू लागते आणि पीळ घसरत जातो. एकाच गिअरमध्ये सुरुवातीचा जोर आणि वरचा वेग दोन्ही साधायचे तर तडजोड करावी लागते. पोर्शेने मागच्या आसाला दोन गिअर देऊन ती टाळली. टेस्लाने प्लेडमध्ये वेगळा मार्ग घेतला: रोटरवर कार्बन तंतूंचे आवरण घट्ट गुंडाळले, म्हणजे मिनिटाला २०,००० फेऱ्यांवर केंद्रोत्सारी बलाने रोटर फुगत नाही आणि एकच गिअर वरपर्यंत पुरतो. परीक्षेत प्रश्न आला तर दोन्ही लिहावेत. प्रत्यक्षात दुसरा मार्ग जास्त कंपन्यांना परवडतो, कारण त्यात हलणारे भाग कमी आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझा मुलगा आणि त्याचे मित्र वाशीला आयटी क्षेत्रात काम करतात आणि संध्याकाळी त्यांची चर्चा अमेरिकी शेअर बाजाराभोवती फिरते. त्यांच्या आवडत्या कंपनीने हजार अश्वशक्तीची गाडी दाखवली आहे आणि सॉलिड-स्टेट बॅटरी (आत द्रवाऐवजी घन माध्यम असलेली) लवकरच येणार असे ती सांगते. माझ्या मुदत ठेवींपैकी काही रक्कम तिच्यात घालावी, असा मुलाचा आग्रह आहे. गाडी इतकी जबरदस्त असेल तर कंपनीही तशीच असणार, हा त्याचा युक्तिवाद कितपत खरा?
— एक ज्येष्ठ वाचक, नेरुळ

उत्तर : हा स्तंभ सेबीकडे नोंदणी केलेल्या सल्लागाराचा नाही, त्यामुळे कोणता शेअर घ्यावा हे इथे सांगणार नाही. चिरंजीवांच्या युक्तिवादाबद्दल मात्र बोलता येईल, आणि तो टिकत नाही.

टेस्लाचेच उदाहरण घ्या. २०२४ मध्ये तिने सुमारे १७.९ लाख गाड्या ग्राहकांना दिल्या. त्यांपैकी मॉडेल ३ आणि मॉडेल वाय सोडून बाकी सगळ्या, म्हणजे प्लेडसकट मॉडेल एस, मॉडेल एक्स आणि सायबरट्रक मिळून, ८५ हजारांच्या आसपास होत्या. ज्या गाडीच्या चित्रफिती मुले पाहतात, तिचा विक्रीतील वाटा पाच टक्क्यांहून कमी. पोर्शेची गोष्ट अधिक बोलकी आहे. टायकान ही तिच्या वर्गातील उत्तम गाड्यांपैकी एक, तरी २०२४ मध्ये तिची जगभरची विक्री ४० हजारांवरून २१ हजारांच्या खाली आली, आणि २०२५ मध्ये पोर्शेने सेलफोर्स या उपकंपनीमार्फत स्वतःच्या बॅटऱ्या बनवण्याचा बेत सोडून दिला. क्रोएशियातील रिमात्स कंपनीच्या नेव्हेराला १,९१४ अश्वशक्ती आहे आणि केवळ १५० गाड्या काढायच्या ठरल्या होत्या. तरीही संस्थापक माते रिमात्स यांनी २०२४ मध्ये उघडपणे सांगितले की इतक्या श्रीमंत ग्राहकांना इलेक्ट्रिक गाडी नको असते. त्यांच्याच अखत्यारीतील बुगाटीने त्या वर्षी जी नवी तूरबियों आणली, तिच्यात सोळा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आहे आणि मोटरी त्याच्या जोडीला. जगातील अत्यंत वेगवान इलेक्ट्रिक गाडी बनवणारा माणूस स्वतः काय करतो, हे गुंतवणूकदाराने पाहावे. इतर कंपन्यांना बॅटरी आणि मोटर प्रणाली पुरवणे हा रिमात्स समूहाचा मोठा व्यवसाय आहे. नेव्हेरा ही त्या दुकानाची दर्शनी काच.

आता ‘लवकरच’ या शब्दाकडे येऊ. टेस्लाने नवी रोडस्टर नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवली, २०२० चा वायदा केला आणि हजारो डॉलरांची आगाऊ रक्कम घेतली. २०२५ संपेपर्यंत ती एकाही ग्राहकाच्या हाती पडलेली नव्हती. क्वांटमस्केप ही सॉलिड-स्टेट बॅटरीवर काम करणारी प्रामाणिक कंपनी आहे, फोक्सवॅगनचा पैसा तिच्यात आहे, तरी डिसेंबर २०२० मध्ये १०० डॉलरच्या वर गेलेला तिचा शेअर पुढे दहाच्या खाली आला. विज्ञान खोटे नव्हते. बाजाराने दहा वर्षांचे काम एका महिन्यात मोजून टाकले होते. आणि जिथे प्रामाणिकपणाच नव्हता तिथे काय झाले, यासाठी निकोला कंपनीची कथा चिरंजीवांना जरूर ऐकवा. तिने २०१८ मध्ये आपला ट्रक रस्त्यावर धावत असल्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. पुढे उघड झाले की ट्रक स्वतःच्या शक्तीवर चालतच नव्हता, उतारावरून घरंगळत होता. संस्थापकाला २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले, नंतर अध्यक्षीय माफीही मिळाली. कंपनीने मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्यांनी उतारावरचा ट्रक पाहून शेअर घेतले, त्यांना माफीचा काही उपयोग नव्हता.

काही सुज्ञ मंडळी म्हणतात की गाडीवाल्यांपेक्षा सुटे भाग पुरवणारे सुरक्षित. हेही पूर्ण खरे नाही. सिलिकॉन कार्बाइडला एवढी मागणी असूनही त्यातील अग्रगण्य अमेरिकी कंपनी वुल्फस्पीड जून २०२५ मध्ये दिवाळखोरी संरक्षणात गेली, कारण मागणी येण्याआधीच तिने कर्ज काढून कारखाने उभे केले होते. युरोपची आशा मानली गेलेली नॉर्थव्होल्ट ही बॅटरी कंपनी त्याच वर्षी मार्चमध्ये स्वीडनमध्ये दिवाळखोर झाली. चुंबकांचे तर विचारूच नये: एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोशियमसह सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि त्याची झळ भारतातील वाहन कारखान्यांनाही बसली.

तेव्हा चिरंजीवांना अश्वशक्ती विचारू नका. आपण आयुष्यभर कर्जदारांचे ताळेबंद पाहिलेत, तेच प्रश्न विचारा. एक गाडी विकल्यावर कंपनीला पैसे उरतात की पदरचे घालावे लागतात? सध्याच्या खर्चाने हाती असलेली रोकड किती तिमाह्या पुरेल? ती संपल्यावर नवे शेअर काढून जुन्या भागधारकांचा वाटा पातळ केला जाईल का? नवी बॅटरी कोणत्या टप्प्यावर आहे: प्रयोगशाळेतील एक सेल, गाडी कंपनीला तपासणीसाठी दिलेले नमुने, की कारखान्यातून रोज निघणारा माल? नमुना आणि कारखाना यांच्यामध्ये वर्षे जातात, आणि त्या वर्षांतच बहुतेक कंपन्यांचा दम संपतो. आपल्या ठाण्याच्या मित्रांची गाडी तिसऱ्या धावेत मंदावली ती विश्रांतीनंतर पुन्हा पळेल. कंपनीची रोकड तशी परत येत नाही.

व्यवहाराची बाजूही ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. वर्षाला दहा लाख रुपयांपुढील गुंतवणुकीच्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ गोळा होतो. तो पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशी शेअरची नोंद विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात करावी लागते आणि ती विसरणे महागात पडते. मुदत ठेव मोडून यात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाला हौस असेल तर त्याने आपल्या पगारातून ती भागवावी.

प्रश्न : या अतिवेगवान इलेक्ट्रिक गाड्यांत आपल्याकडचे काही आहे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आहे. इटलीत हाताने बांधली जाणारी १,९०० अश्वशक्तीची बत्तिस्ता ही गाडी ज्या ऑटोमोबिली पिनिनफारिना कंपनीची आहे, ती महिंद्रा समूहाची. तिची बॅटरी आणि मोटरी मात्र रिमात्सच्या आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांच्या फॉर्म्युला ई शर्यतींत महिंद्राचा संघ २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यातील एक शर्यत हैदराबादच्या रस्त्यांवर झाली होती.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. खारघरहून रोज ठाण्याला जाऊन येते आणि पाचशे अश्वशक्तीच्या आसपासची गाडी घ्यावी असे मनात आहे. घरचे म्हणतात, नाकापेक्षा मोती जड होईल. आपले मत द्यावे.
— एक वाचिका, खारघर

उत्तर : हौस असेल आणि ऐपत असेल तर घ्यावी, गरज म्हणून समर्थन शोधू नये, कारण ते सापडणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात आणि अटल सेतूवरही वेगमर्यादा ताशी १०० आहे, आणि आपल्या रोजच्या वाटेवर, ऐरोली किंवा कळवा कुठूनही गेले तरी, संध्याकाळी तिच्या अर्धीही गाठता येत नाही. महिंद्राची बीई ६ ही २८६ अश्वशक्तीची गाडी ६.७ सेकंदांत शंभर गाठते असे कंपनी सांगते, आणि टाटांच्या हॅरिअर ईव्हीचे दोन मोटरींचे मॉडेल ६.३ सेकंदांत. ओव्हरटेक करताना याहून अधिक शक्तीची उणीव आपल्याला जाणवेल असे मला वाटत नाही, आणि किंमत जवळपास निम्मी आहे.

तरीही मोठीच घ्यायची ठरली, तर अश्वशक्तीआधी जमिनीपासूनची उंची पाहावी. वेगवान सेडान खाली बसलेल्या असतात आणि बॅटरी तळाला असते. पावसाळ्यात पाण्याखाली न दिसणारा खड्डा तळाला लागला तर दुरुस्तीचा अंदाज ऐकून जीव दडपेल. बॅटरीच्या तळाला मार बसल्यास वॉरंटी आणि विमा यांपैकी कोण काय भरते, हे लेखी घ्यावे. दोन टनांहून जड आणि एवढ्या पिळाच्या गाडीचे टायर लवकर झिजतात. त्या मापाचे चार टायर कितीला पडतात आणि नवी मुंबईत किती दिवसांत मिळतात, हे शोरूममध्ये न विचारता टायरच्या दुकानात विचारावे.

चार्जिंगची चिंता करण्याचे कारण नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या रोजच्या फेरीला पंधरा युनिटांच्या आसपास वीज लागेल, आणि ७.४ किलोवॉटच्या घरगुती चार्जरने ती दोन-अडीच तासांत भरते. गाडी नोंदवण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि महावितरणकडे वाहन चार्जिंगच्या वेगळ्या मीटरसाठी अर्ज करावा. तळघरातील केबल कोणाच्या खर्चाने टाकायची यावर सभेत वाद होतो, तो गाडी दारात उभी राहण्याआधी मिटलेला बरा. करांच्या बाबतीत सध्या दिवस चांगले आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, तीस लाखांपुढील गाड्यांवर ६ टक्के वाहनकर लावण्याचा राज्याचा २०२५ च्या अर्थसंकल्पातील प्रस्ताव मागे घेण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या राज्याच्या धोरणानुसार अटल सेतू, द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर पथकरमाफी आहे.

चाचणीसाठी गाडी मागवाल ती रविवारी सकाळी पाम बीच रस्त्यावर नको. कामाच्या दिवशी, संध्याकाळी सहानंतर, ठाण्याहून खारघरपर्यंत स्वतः चालवत आणावी आणि मागच्या आसनावर घरच्यांना बसवावे.